कोपरातला अस्थिबंध नसलेला पिचर : आर. ए. डिकी आणि त्याचा नकलबॉल

उशिरा_उठणारा

मंडळी, मागे क्रिकेटच्या धाग्यावर झहीरच्या नकलबॉलवरून विषय निघाला होता. 'हा चेंडू मूळचा बेसबॉलवाल्यांचा' एवढं लिहून मी पळ काढला, तर दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून कान धरला. म्हणून हा वेगळा धागा. बेसबॉल कळत नसेल तरी वाचा, मलाही पंधरा वर्षांपूर्वी कळत नव्हता. पिचर म्हणजे त्यांचा बोलर, आणि नकलबॉल म्हणजे जवळजवळ न फिरता जाणारा चेंडू.

माणूस आहे रॉबर्ट ॲलन डिकी. सगळे आर. ए. म्हणतात. जन्म २९ ऑक्टोबर १९७४, नॅशव्हिल, टेनेसी. टेनेसी विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकत होता आणि तिथेच पिचिंग करत होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला अमेरिकेच्या संघात होता, कांस्यपदक मिळालं. त्याच वर्षी टेक्सास रेंजर्स संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीच्या पहिल्या फेरीत, एकूण १८ व्या क्रमांकावर निवडलं आणि करारावर सही करायचे ८,१०,००० डॉलर कबूल केले. बावीस वर्षांचंही वय नाही. घरची परिस्थिती बेताची. पोरगा हवेतच असणार.

आणि मग एक फोटो आडवा आला. एका बेसबॉल मासिकाच्या मुखपृष्ठावर ऑलिंपिक संघाचे पिचर ओळीने उभे होते. त्यात डिकीचा उजवा हात जरा विचित्र लोंबतोय, हे रेंजर्सच्या वैद्यकीय मंडळींच्या नजरेत भरलं. तपासण्या केल्या, तर उजव्या कोपरात अल्नर कोलॅटरल लिगामेंट, म्हणजे आतल्या बाजूचा अस्थिबंध, नाहीच! फाटलेला नाही, झिजलेला नाही. सापडतच नाही. दाराची मूठ फिरवतानाही या माणसाला दुखायला हवं असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि हा ताशी १४५ किलोमीटरने चेंडू फेकत होता.

आठ लाख दहा हजारांचे झाले पंचाहत्तर हजार. त्याने सही केली.

पुढची दहा वर्षं मी झरझर सांगतो, कारण ती तशीच गेली. मायनर लीग (खालच्या पातळीचे व्यावसायिक संघ), बसचे प्रवास, २००१ च्या एप्रिलमध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीवर, पदार्पण, परत खाली, परत वर. २००३ ला ९ विजय ८ पराभव. वाईट नाही, पण कुणी नाव लक्षात ठेवावं असंही नाही. २००५ पर्यंत वेग उतरला आणि तिशी उलटली. तेव्हा रेंजर्सच्या व्यवस्थापक मंडळींनी (बक शोवॉल्टर आणि पिचिंग कोच ओरेल हर्शायझर) त्याला समोर बसवून सांगितलं की या हाताने आता पुढे जाता येणार नाही, तू पूर्णवेळ नकलबॉलर हो. थोडाफार नकलबॉल तो अधूनमधून टाकत असेच. पण अधूनमधून टाकणं वेगळं आणि त्याच एका चेंडूवर घर चालवणं वेगळं.

६ एप्रिल २००६. त्या हंगामातला त्याचा पहिला सामना, समोर डेट्रॉइट टायगर्स. सामना नऊ इनिंगचा, याच्या साडेतीन इनिंगही पूर्ण झाल्या नाहीत आणि सहा होमरन (आपले षटकारच म्हणा) बसले. एका सामन्यात एका पिचरने दिलेल्या होमरनच्या आधुनिक विक्रमाशी बरोबरी. दुसऱ्या दिवशी सामान बांधून ओक्लाहोमाला, म्हणजे मायनर लीगला. रेंजर्ससाठी तो पुन्हा कधीच खेळला नाही.

इथून सहा वर्षांनी हा माणूस सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतो. त्या सहा वर्षांवर लिहायचं आहे, पण आधी चहा. उरलेलं प्रतिसादात टाकतो.

फुलटॉस

पुढच्या भागाची वाट बघतोय. झहीरबद्दल भर घालतो. आमच्या श्रीरामपूरचा म्हणून जास्तच प्रेम. २०११ च्या विश्वचषकात त्याने हा चेंडू असा काही दडवून वापरला की बॅट आधी फिरायची आणि चेंडू मागाहून यायचा. पण एक शंका. झहीरचा तो चेंडू मुळात स्लोअर वन होता. वेग काढून घेणं हाच उद्देश. बेसबॉलमध्येही तेच का?

उशिरा_उठणारा

@फुलटॉस, नाही, आणि हाच मुद्दा. क्रिकेटमध्ये नकलबॉल हा फसवायचा चेंडू आहे: हात जोरात येतो, चेंडू हळू येतो. बेसबॉलमध्ये बॅटरला माहीत असतं की नकलबॉलच येणार आहे. डिकी २०१२ मध्ये दहातले आठाहून जास्त चेंडू हेच टाकायचा. फसवाफसवी काही नाही. फक्त चेंडू कुठे जाणार हे बॅटरला माहीत नसतं, कॅचरला (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याला) माहीत नसतं, आणि टाकणाऱ्यालाही नसतं.

नाव नकल म्हणजे बोटांची पेरं, पण पकड नखांची असते. तर्जनी आणि मध्यमेची नखं चेंडूत रुतवायची, मनगट ताठ ठेवायचं आणि चेंडू ढकलल्यासारखा सोडायचा. हेतू एकच, फिरकी काढून टाकायची. आपण स्पिनरला म्हणतो 'बॉल फिरव', इथे गुरू म्हणतो 'फिरला तर मेलास'. पिचरच्या फळीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरपर्यंत, साठ फूट सहा इंच. एवढ्या अंतरात चेंडूने जेमतेम अर्धा-एक फेरा घ्यायचा. क्रिकेटचा स्विंग बोलर शिवण सरळ ठेवण्यासाठी चेंडूला उलटी फिरकी देतो, त्यामुळे शिवण हलत नाही. नकलबॉलमध्ये शिवण हळूहळू वळत राहते, हवा कधी या बाजूने सुटते कधी त्या बाजूने, आणि चेंडू भरकटतो. एक गंमत म्हणजे वेगवान कॅमेऱ्यांनी मोजलं तेव्हा दिसलं की तो वाटेत नागमोडी वगैरे जात नाही. वाट गुळगुळीतच असते, फक्त कुठल्या दिशेला वळेल हे आधी सांगता येत नाही. नागमोडी जातो तो बॅटरच्या डोक्यात.

थोडक्यात, नकलबॉलची नक्कल करता येत नाही, स्वतःला स्वतःचीसुद्धा. (सॉरी, राहवलं नाही.)

हाडवैद्य

धागा छान. पेशाने अस्थिरोग, म्हणून कोपराबद्दल दोन शब्द.

हा अस्थिबंध दंडाचं हाड आणि अग्रबाहूचं आतल्या बाजूचं हाड यांना बांधून ठेवतो. फेकताना हात मागे जाऊन पुढे झेपावतो त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतं, आणि ते उघडू न देणं हे याचं काम. पिचरमध्ये तो हजारो फेकींनी झिजतो आणि एक दिवस तुटतो. पूर्वी तिथे कारकीर्द संपायची. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायूबंध काढून बसवला. तो माणूस परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं.

आता धागाकर्त्याने दिलेली जन्मतारीख बघा. शस्त्रक्रियेनंतर महिना-सव्वा महिन्याने डिकी जन्मला. सगळं बेसबॉल जगत ज्याच्या दुरुस्तीवर जगतं तो अवयवच या बाळाच्या कोपरात नसावा, हा काय योग! तो जन्मजात नव्हता की लहानपणी इजा होऊन विरून गेला, हे बाहेरून सांगणं अवघड. अशा वेळी अग्रबाहूच्या स्नायूंनी ते काम अंगावर घेतलेलं असणार. संघाच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. माझ्याकडे असा रिपोर्ट आला असता तर मीही लाल शेरा मारला असता.

जर्सीकर_मावशी

मी मेट्सवाली, म्हणजे न्यूयॉर्क मेट्स संघाची! २०१२ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या मैदानावर, सिटी फील्डला, सहा वेळा गेलो, त्यातल्या चार वेळा केवळ डिकी टाकणार म्हणून. उशिरा_उठणारा, चहा संपला असेल तर मिसुरी नदीचं सांगा की.

उशिरा_उठणारा

सांगतो, मावशी.

२००७. आता तो मिलवॉकीच्या मायनर संघाकडे, म्हणजे नॅशव्हिलला, गावातच. संघ ओमाहाला खेळायला गेला आणि हॉटेल मिसुरी नदीच्या काठावर. नदी पाहून याच्या डोक्यात आलं की आपण पोहून पलीकडे जायचं. सहकारी काठावर बघायला जमले. अर्ध्यात गेल्यावर प्रवाहाने ओढलं, हा मागे वळला, नाकातोंडात पाणी गेलं. कसाबसा काठाशी आला तेव्हा एका सहकाऱ्याने हात देऊन वर ओढलं. बत्तिसाव्या वर्षी, बायको-पोरं असलेल्या माणसाने करायचं हे काम नव्हे. त्याने स्वतःच पुढे लिहिलंय की त्या दिवसानंतर काहीतरी सैल पडलं, तो पुढचा एक चेंडू एवढंच बघायला लागला. त्या हंगामात १३ विजय, ६ पराभव, आणि त्या लीगचा सर्वोत्तम पिचर.

हे वाचून नदीत उडी मारू नये. मला स्वतःला या 'नदीने शहाणं केलं' प्रकारापेक्षा दुसरी गोष्ट जास्त पटते. तो लोकांकडे जाऊन शिकत होता. जगात एका वेळी दोन-चारच नकलबॉलर असतात आणि त्यांच्यात भाऊबंदकी नाही, उलट घराण्यासारखं आहे. चार्ली हफ कडे गेला, त्याने पकड दुरुस्त केली. फिल नीक्रो (३१८ विजय, या घराण्याचे खाँसाहेबच म्हणा) याच्याकडे अटलांटाला गेला. २००८ मध्ये सिएटलकडून खेळताना बॉस्टनच्या टिम वेकफिल्डला विचारलं की तुझा सराव बघू का? समोरच्या संघाचा माणूस, तरी वेकफिल्डने त्याला शेजारी उभं केलं आणि जे विचारलं ते सांगितलं. फास्ट बोलर असं करतील? शेजारच्या मिसळवाल्याला तर्रीचा मसाला विचारून बघा.

आणि हो, ज्या होमरनच्या विक्रमाशी डिकीने बरोबरी केली तो २००४ मध्ये वेकफिल्डने केला होता, समोर टायगर्सच. फरक इतकाच की वेकफिल्ड सहा होमरन देऊन तो सामना जिंकला होता.

२००८ लाच एका इनिंगमध्ये चार वाइल्ड पिच (कॅचरलाही अडवता न येणारे भरकटलेले चेंडू) टाकायच्या विक्रमाशीही बरोबरी झाली. २००९ मिनेसोटा. २०१० मध्ये मेट्सने मायनर लीगचा करार देऊन बफेलोला पाठवलं. तिथे एप्रिलअखेरीस एका सामन्यात पहिल्याच बॅटरने सिंगल (एका तळापर्यंत पोचवणारा फटका) मारला आणि त्यानंतरचे सत्तावीसच्या सत्तावीस याने ओळीने बाद केले. मे महिन्यात मेट्सने वर बोलावलं. वय पस्तीस. त्या वर्षी ११ विजय आणि ईआरए २.८४. (ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा. तीनच्या खाली असणं म्हणजे उत्तम.)

तिरकस

सगळं ठीक. पण कारकीर्दीचा एकूण आकडा सांगा ना. १२० विजय, ११८ पराभव, ईआरए ४.०४. चौदा-पंधरा हंगामांत एक वर्ष सोनं पिकलं. हे म्हणजे अख्ख्या आयुष्यात एकदा लॉटरी लागलेल्या माणसाचं चरित्र. नकलबॉल कुठे जाणार हे टाकणाऱ्यालाच माहीत नसतं म्हणता, मग २०१२ ला कौशल्य कसं म्हणायचं?

जर्सीकर_मावशी

@तिरकस, अहो, त्या वर्षी आमच्या संघाने १६२ पैकी ७४ सामने जिंकले, आणि त्यातले २० एकट्या डिकीच्या नावावर. पराभव ६. ईआरए २.७३. २३० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन शाखांपैकी आमच्या शाखेत, सगळ्यांत जास्त. २३३ हून अधिक इनिंग, त्याही सगळ्यांत जास्त. लॉटरी दर पाचव्या दिवशी लागते का?

जूनमधलं सांगते. १३ तारखेला टँपा बेविरुद्ध पूर्ण सामन्यात एकच हिट (बॅटरला तळावर पोचवणारा फटका) दिला, तोही पहिल्या इनिंगमधला बावळट सिंगल. डेव्हिड राइटने नुसत्या हाताने चेंडू उचलायचा प्रयत्न केला आणि तो निसटला. ती क्षेत्ररक्षकाची चूक धरा म्हणून मेट्सने अपीलसुद्धा केलं, पण फेटाळलं गेलं. पाच दिवसांनी बाल्टिमोरविरुद्ध पुन्हा एकच हिट, १३ स्ट्राइकआउट. लागोपाठ दोन वन-हिटर! त्याआधी असं १९८८ मध्ये टोरांटोच्या डेव्ह स्टीबने केलं होतं.

२७ सप्टेंबरला पायरेट्सविरुद्ध विसावा विजय. मी होते. संघ कधीचाच स्पर्धेतून बाहेर, तरी लोक उभे राहून ओरडत होते. लेक विचारत होता, आई, आपण जिंकलो तरी चौथेच ना? हो रे बाबा, चौथेच.

आणि हे सगळं पोटाचा स्नायू फाटलेला असताना. हंगाम संपल्यावर शस्त्रक्रिया झाली.

उशिरा_उठणारा

मावशींनी माझं काम केलं. साय यंगच्या ३२ पैकी २७ पहिल्या पसंतीची मतं त्याला. हा पुरस्कार मिळवणारा पहिला नकलबॉलर. नीक्रोला मिळाला नाही, हफला नाही, वेकफिल्डला नाही.

@तिरकस, तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. उत्तर वेगात आहे. वेकफिल्डचा नकलबॉल ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास यायचा, फुलपाखरासारखा. डिकीचा १२० च्या पुढे, कधी १३० ला पोचणारा. जुन्या फास्ट बोलरचा हात होताच त्याच्याकडे. चेंडू कुठे वळेल हे हातात नव्हतं, पण चौकटीत (बॅटरसमोरच्या स्ट्राइक झोनमध्ये) पडेल का आणि किती कमी फिरेल हे होतं. त्या वर्षी त्याने चेंडू जितके चौकटीत ठेवले तितके नकलबॉलरला ठेवता येतात असं कुणाला वाटत नव्हतं. नखाचं मात्र सांभाळावं लागतं. नखाचा टवका उडाला की चेंडू फिरायला लागतो आणि मग तो फक्त एक संथ सरळ चेंडू उरतो, चाळीतल्या टेनिस बॉलसारखा. डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकावर) नखं घासणारा पिचर म्हणून लोक हसायचे त्याला.

अवांतर : साहित्याचा विद्यार्थी असल्याने बॅटला नावं द्यायचा. एका बॅटचं नाव ह्रुंटिंग, बेओवुल्फच्या तलवारीचं. मूळ कथेत ती तलवार ऐनवेळी कुचकामी ठरते. पिचरच्या बॅटला याहून प्रामाणिक नाव सुचणार नाही.

गिरगावकर

आमच्या मुंबईचा संबंध कुणीच काढला नाही? जानेवारी २०१२ मध्ये हा किलिमांजारो चढला, ५,८९५ मीटर. कशासाठी, तर 'बॉम्बे टीन चॅलेंज' या संस्थेसाठी. कामाठीपुऱ्यातल्या देहविक्रयात अडकलेल्या बायका-मुलींसाठी काम करणारी संस्था. एक लाख डॉलरहून जास्त पैसे जमले. मेट्सने लेखी बजावलं होतं की डोंगरावर इजा झाली तर आम्ही करार रद्द करू शकतो. चाळीस लाखांहून अधिक डॉलर पणाला होते. पुढच्या जानेवारीत, साय यंग खिशात घालून, दोन मुलींना घेऊन तो कामाठीपुऱ्यात आला.

माझं बालपण तिथून पंधरा मिनिटांच्या अंतरावर गेलं. तेलंगणातून आलेल्या कामाठी कामगारांची वस्ती म्हणून हे नाव, हे आता फार जणांना ठाऊकही नसतं. आमच्या घरात त्या गल्ल्यांचं नाव घ्यायचीसुद्धा बंदी होती, बस तिकडून वळली की आई खिडकीतून नजर काढून घ्यायला लावायची. आणि हा गोरा माणूस आपल्या शाळकरी मुलींना हाताला धरून तिथे घेऊन गेला. परदेशी पाहुण्यांचे असे दौरे मला सहसा रुचत नाहीत, फोटो काढून जातात. पण मुलींना घेऊन जाणं, ते मात्र डोक्यात राहिलं.

गोगलगाय

@गिरगावकर, +१. डिकीने २०१२ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात लिहिलंय की आठव्या वर्षी त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाले होते आणि कित्येक वर्षं तो कुणाशी बोलला नव्हता. लॉकर रूममध्ये बसणाऱ्या माणसाने, खेळत असताना, हे छापून सांगणं सोपं नाही. कामाठीपुरा त्याने नकाशावर बोट ठेवून निवडला नसणार.

टोरांटोचा_बाब्या

आता माझं ऐका. सगळे मेट्सवाले गहिवरून बोलताहेत, बिल कुणी भरलं? आम्ही! डिसेंबर २०१२ मध्ये आमच्या टोरांटो ब्लू जेज संघाने मेट्सकडून डिकीला घेतलं आणि बदल्यात कॅचर ट्रॅव्हिस डार्नो आणि नोआ सिंडरगार्ड हे दोन हिरे दिले. वर डिकीच्या कराराला दोन वर्षांची वाढ, अडीच कोटी डॉलर. पहिल्या वर्षी १४ विजय १३ पराभव, ईआरए ४.२१. दुसऱ्या वर्षी परत १४-१३. इथे मैदानाचं छप्पर उघडं ठेवलं तर बॉल जास्त हलतो की बंद ठेवलं तर, यावर रेडिओवर तासन्‌तास चर्चा चालायची, जणू माणूस नाही, लोणच्याची बरणी आहे. आणि तिकडे २०१५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, मेट्सने एकच सामना जिंकला, तो जिंकून देणारा पिचर कोण? सिंडरगार्ड.

उशिरा_उठणारा

बाब्या, जखम खोल आहे हे मान्य. पण पहिल्या तीन हंगामांत दरवर्षी दोनशेहून जास्त इनिंग कोण टाकत होतं? २०१३ चा गोल्ड ग्लव्ह, क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार? आणि १९९३ नंतर पहिल्यांदा तुम्ही प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना) गेलात, २०१५ ला, तेव्हा संघात डिकी होताच.

त्या प्लेऑफचंच सांगतो. चाळिशीत पहिल्यांदा हंगामोत्तर सामन्यात उतरला, आणि समोर कोण, तर टेक्सास रेंजर्स. ज्यांनी आठ लाखांचे पंचाहत्तर हजार केले तेच. टोरांटो ७-१ ने पुढे. विजय पिचरच्या नावावर लागायला पाच इनिंग पूर्ण कराव्या लागतात. चार इनिंग आणि दोन बाद झाले होते. फक्त एक बाद हवा होता. मॅनेजर बाहेर आला, चेंडू मागून घेतला आणि डेव्हिड प्राइसला आणलं. विजय प्राइसच्या नावावर. मला बेसबॉलमध्ये इतका राग क्वचित आला असेल. सहा धावांची आघाडी होती हो!

तिरकस

पुढच्या फेरीत कॅन्सस सिटीविरुद्ध दोन इनिंगही टिकला नाही, १४-२ हरले. तेही लिहा.

उशिरा_उठणारा

लिहितो की. १.६७ इनिंग, पाच धावा. नकलबॉल आहे, दहा दिवसांत राजाचा रंक. २०१७ ला अटलांटाकडून शेवटचा हंगाम, १० विजय १० पराभव. नीक्रोचा संघ, आणि नॅशव्हिलहून गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावर. तिथेच थांबला. नीक्रो २०२० मध्ये गेला, वेकफिल्ड २०२३ मध्ये. आता मेजर लीगमध्ये नकलबॉलवर घर चालवणारा माणूस शोधावा लागतो. सगळ्यांना ताशी १६० किलोमीटर हवेत.

फुलटॉस

काल गच्चीवर टेनिस बॉलने करून पाहिला. वीसातला एक न फिरता गेला, तो थेट शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर. मधल्या बोटाचं नख तुटलं. बायको विचारतेय काय केलंत, काय सांगू?

हाडवैद्य

@फुलटॉस, नख येईल महिन्याभरात, टेप लावा.

@टोरांटोचा_बाब्या, तुमच्या सिंडरगार्डबद्दल. मार्च २०२० मध्ये त्याचा उजव्या कोपरातला अल्नर कोलॅटरल लिगामेंट फाटल्याचं निदान झालं आणि टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली. परत आला तेव्हा पहिला वेग नव्हता. तुम्ही ज्याला दिलंत त्याच्याकडे तो अस्थिबंध होता. ज्याला घेतलंत त्याच्याकडे तुटायला काही नव्हतंच.

टोरांटोचा_बाब्या

डॉक्टर, हे मला २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये सांगायला हवं होतंत. डार्नोबद्दल मात्र मी अजून रागावलेलोच आहे.